तार दिसत नाही, खांब दिसतो : लहान विमानं, उतरण्याची वाट आणि सड्यावरच्या विजेच्या लाइनी

सड्यावरची | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, पण विमानातलं मला काही कळत नाही म्हणून मागे सरत होते. आता नातवानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते.

२०२२ च्या नोव्हेंबरात सुनेच्या बाळंतपणासाठी मी मुलाकडे अमेरिकेत होते. मेरीलँड राज्यातली माँटगोमेरी काउंटी. २७ तारीख, रविवार. आदल्या दिवशी घरच्या घरी बारसं झालं होतं. बाहेर दिवसभर ओलं, धुरकट, समोरचं झाड दिसेना. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास लाइट गेली. मला वाटलं, आपल्याकडे पावसात जाते तशी जाईल-येईल. आली नाही. घर थंड पडायला लागलं तसं बाळाला मी माझ्या शालीत घेतलं.

मुलानं फोनवर बातमी काढली. जवळच्या गेदर्सबर्गला एक छोटं विमान उतरायला येत होतं, ते उच्चदाबाच्या लाइनीच्या टॉवरला धडकलं आणि पडलं नाही. टॉवरमध्येच रुतून बसलं, जमिनीपासून शंभरेक फुटांवर. आत दोन माणसं, दोघंही जिवंत, दोघंही साठी ओलांडलेली, म्हणजे माझ्याच वयाची. एक लाखाहून जास्त ग्राहक अंधारात गेले. वैमानिक आतून फोनवर बोलत होता, आणि खाली उभे असलेले अग्निशमन दलाचे लोक कितीतरी वेळ वर जाऊ शकत नव्हते. मध्यरात्र उलटून गेल्यावर, साडेबाराच्या सुमारास दोघांना खाली आणलं. जवळजवळ सात तास! जबर दुखापत, वर थंडीनं गारठलेली. दुसऱ्या दिवशी तिथल्या शाळा बंद होत्या.

मी परत आले. ११ डिसेंबरला गोव्यातल्या मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून आमच्या पेडण्याच्या आभाळातून विमानं ये-जा करू लागली. अंगणात उभं राहिलं की दिसतात. नातू आता शाळेत जातो आणि सुटीत माझ्याकडे असतो. आमच्या वाड्याच्या वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, विजेचे नवे खांब उभे राहताहेत. परवा तो म्हणाला, "आज्जे, ह्या तारांत विमान अडकलं तर?"

मी त्याला "नाही रे बाबा" म्हटलं. पण ते उत्तर नव्हतं, नुसती समजूत होती. जाणकारांनी सांगावं. असं का होतं? आपल्याकडे होऊ शकतं का? आणि झालंच, तर आपण खाली राहणाऱ्यांनी काय करायचं?

मनोऱ्यातला | रविवार, रात्री १०.४५

ताई, प्रश्न रास्त आहे. मी नौदलातून निवृत्त झालो, विमान-नियंत्रणात बरीच वर्षं काढली. जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढं सांगतो.

आधी नातवासाठी. तुमच्या अंगणातून दिसतात ती प्रवासी विमानं बहुधा उपकरणांच्या आधारानं ठरलेल्या उतरणीवरून येतात. ही उतरण साधारण तीन अंशांची. धावपट्टीच्या टोकावरून विमान अंदाजे १५ मीटर उंचीनं जातं. टोकापासून एक किलोमीटर मागे ते साधारण ६५ ते ७० मीटरवर असतं, दोन किलोमीटर मागे १२० मीटरच्या आसपास. साधा ११ किंवा ३३ केव्हीचा (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) खांब नऊ ते अकरा मीटरचा असतो. म्हणजे योग्य उतरणीवरचं विमान आणि तार यांच्यात मोठं अंतर आहे.

शिवाय धावपट्टीच्या दोन्ही टोकांना एक अदृश्य उतार धरलेला असतो. मोठ्या धावपट्ट्यांसाठी दर ५० मीटर अंतराला एक मीटर चढणारा. त्या उताराच्या वर खांब, झाड, इमारत, काहीच डोकावता कामा नये. भोवतालच्या चार किलोमीटरच्या वर्तुळात ४५ मीटरची मर्यादा असते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या उंचीविषयक नियमांप्रमाणे विमानतळाच्या परिसरात उंच काही उभारायचं तर ना-हरकत दाखला लागतो. त्यात इमारतीही आल्या आणि वीजवाहिनीचे टॉवरही.

आता गेदर्सबर्ग. टॉवर धावपट्टीपासून मैल-सव्वा मैलावर होता. वरचा हिशेब लावा. जमिनीचा चढउतार धरला तरी विमान तिथे तीनशे-चारशे फुटांवर असायला हवं होतं, ते शंभर फुटांवर होतं. चौकशीत निघालं ते हेच, की धुक्यात उपकरणांवर येताना त्या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्याला जी किमान उंची ठरवलेली असते, तिच्या खाली विमान आलं. तार वाटेत आली नव्हती, विमान वाट सोडून खाली गेलं होतं. हे मी वैमानिकाला दोष द्यायला लिहीत नाही. धुक्यात दिवे शोधत डोळे खाली जातात आणि विमानही त्यांच्यामागे जातं, हे मी मनोऱ्यातून पाहिलेलं आहे.

चिखलीकर | सोमवार, सकाळी ७.३०

मनोऱ्यातला, एक गाऱ्हाणं मांडतो, राग मानू नका. आम्ही दाबोळीच्या धावपट्टीच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहतो. १९५५ साली पोर्तुगीज सरकारनं विमानतळ सुरू केला तेव्हा आमचं घर तिथं होतंच. मुलासाठी वर एक मजला चढवायचा म्हणून दाखल्याला अर्ज केला तर तीन वर्षं कागद फिरत राहिला. कोणत्या कार्यालयात ते लिहीत नाही. सुरक्षिततेला माझा विरोध नाही. पण माझ्या मजल्यासाठी मोजपट्टी लावता तेवढीच खांबाला, टॉवरला, होर्डिंगला लावता का, हे आम्हाला कुणी कधी दाखवलेलं नाही. दाखवा, म्हणजे आमचंही मन शांत होईल.

मनोऱ्यातला | सोमवार, सकाळी ८.०५

रागाचं काही नाही, बाब. तुमचं म्हणणं बरोबर आहे. उंचीचा नियम घराला आहे तसाच खांबाला आहे, आणि तो लोकांसमोर मांडला पाहिजे. विमानतळांभोवतीचे रंगीत नकाशे असतात. कुठल्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत मुभा, कुठे दाखला लागतो, ते रंगांवरून कळतं. पंचायतीत तो नकाशा भिंतीवर लावलेला असावा असं मला नोकरीत असतानाही वाटायचं.

निवृत्त_लायनमन | सोमवार, दुपारी १.२०

वीज खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच डिचोली-सत्तरीच्या रानात. विमानाचं मला माहीत नाही, तारेचं सांगतो.

ताईंनी लिहिलंय की खाली उभे असलेले लोक वर जाऊ शकत नव्हते. बाहेरच्याला वाटतं, लाइट गेली म्हणजे लाइन मेली, मग चढायला हरकत काय? आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं, लाइन बंद आहे असं कुणी सांगितलं म्हणून ती मेली असं मानायचं नाही. ब्रेकर, म्हणजे बिघाड होताच लाइन तोडणारा स्विच, पडला तरी तो पुन्हा चालू होऊ शकतो. काही लाइनींवर तो आपोआप पुन्हा जोडला जातो, काही ठिकाणी सबस्टेशनवाला तपासायला पुन्हा एकदा टाकून बघतो. शेजारून दुसरी चालू लाइन जात असेल तर बंद तारेतही दाब (व्होल्टेज) उतरतो. म्हणून आधी लाइन क्लिअर, म्हणजे लाइन बंद ठेवल्याची रीतसर परवानगी घ्यायची, दोन्ही बाजूंनी आयसोलेटर (लाइन तोडून ठेवणारे स्विच) उघडायचे, मग कामाच्या जागेच्या दोन्ही अंगांना अर्थिंग रॉड लावून तार जमिनीशी बांधायची. मग हात लावायचा. ११ केव्हीच्या खांबावर हे लवकर होतं. मोठ्या टॉवरवर रात्री, धुक्यात, वर माणसं लटकलेली असताना वेळ लागणारच. तिथं तर त्यांना आधी विमान टॉवरला साखळ्यांनी बांधून घ्यावं लागलं, नाहीतर माणसं काढताना वजन हललं असतं आणि सगळंच खाली आलं असतं. ते सात तास वाया गेलेले नव्हते. त्या सात तासांनी दोघं वाचली.

आता माझी गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका गावात वीसेक वर्षांपूर्वी एक पाहुणा पंखा पाठीला बांधून उडत होता, पॅरामोटर म्हणतात ते. वारा फिरला आणि छत्रीसकट तो माडांच्या मागे ११ केव्हीच्या लाइनीत आला. छत्री तारांवर, माणूस खाली लोंबकळतोय, पाय जमिनीपासून पुरुषभर वर. मी दुसऱ्या कामाला त्याच रस्त्यानं जात होतो. पोचलो तेव्हा गावातले चार तरुण बांबू घेऊन धावत होते. भलेपणानंच धावत होते. बांबू ओला, नुकताच पाऊस पडून गेलेला. मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं कधी ओरडलो नव्हतो. "मागे व्हा, कोणी हात लावू नका!" सबस्टेशनला फोन लागेपर्यंत आणि फीडर (त्या भागाला वीज नेणारी लाइन) बंद झाल्याचं कळेपर्यंत नऊ मिनिटं गेली. तो माणूस मला वरून विचारत होता, "भाईसाब, कितना टाइम?" मी त्याला सांगत राहिलो, हलू नका. शेवटी अर्थ करून शिडीनं उतरवला. जगला. पण त्या चार पोरांपैकी एकाचा जरी बांबू टेकला असता तर मी आज हे वेगळं लिहीत असतो.

आंबोलीचा_पाऊस | सोमवार, दुपारी २.००

काका, अंगावर काटा आला. एक शंका. तारेवर पक्षी बसतो त्याला काही होत नाही, मग विमानाला का?

निवृत्त_लायनमन | सोमवार, दुपारी २.४०

पक्षी एकाच तारेवर बसतो. त्याचे दोन्ही पाय एकाच दाबाला, म्हणून त्याच्यातून प्रवाह वाहत नाही. विमानाचे पंख मोठे. दोन तारांना एकदम टेकतात, किंवा एक अंग तारेला आणि दुसरं टॉवरच्या लोखंडाला. टॉवर जमिनीशी जोडलेला असतो. प्रवाहाला वाट मिळाली की भडका उडतो आणि ब्रेकर पडतो. पण लहान विमान तारेला लागलं की माणसं दगावतात ती बहुतेक विजेनं नव्हे. वेग एकदम तुटतो, विमान उलटतं, आणि जमीन जवळच असते.

उडती_कोकणकन्या | सोमवार, रात्री ९.५५

मी कुडाळची, व्यावसायिक वैमानिकाचं प्रशिक्षण घेतेय, सध्या मडगावला मावशीकडे आहे. कुठे शिकले ते लिहीत नाही. मनोऱ्यातल्या काकांनी मोठ्या विमानाचं लिहिलं, मी लहानाचं लिहिते, कारण खरा धोका आमच्याकडे आहे.

आम्ही शिकतो त्या पट्ट्यांवर उतरण दाखवणारी उपकरणं बहुधा नसतात. मोठ्या विमानतळावर धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात. दोन पांढरे दोन लाल दिसले तर उतरण बरोबर, चारही लाल दिसले तर तुम्ही फारच खाली आहात. आमच्या पट्टीवर ते नव्हते. डोळ्यांवर भरवसा. आणि डोळे फसवतात. अरुंद धावपट्टी दिसली की वाटतं, आपण अजून उंच आहोत. पुढे चढ असलेली धावपट्टी असली तरी तसंच वाटतं. मग माणूस नकळत खाली जातो. रात्री खाली अंधार आणि पुढे फक्त धावपट्टीचे दिवे असले तर हे सर्वांत वाईट. दाबोळीला समुद्राच्या बाजूनं येताना खाली काळा दर्याच असतो, तिथं हा भास कसा होत असेल ते कल्पनेनं कळतं.

माझे चाळीसेक तास झाले होते. संध्याकाळची वेळ, पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं, सूर्य बरोबर समोर. धावपट्टीच्या अलीकडे उसाची शेतं आणि शेतातल्या पंपांना जाणारी ११ केव्हीची लाइन. ही लाइन मला माहीत होती. रोज बघत होते, नकाशावर माझ्या हातानं खूण केली होती. त्या दिवशी मी नजर धावपट्टीवर रंगवलेल्या आकड्यावर ठेवली आणि विमान हळूहळू खाली जात राहिलं. मला दोन खांब दिसत होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. मधे मोकळं होतं. मी त्या मोकळ्या जागेकडे जात होते.

सरांनी माझ्या हातावरून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पुढे ढकलला आणि एकच शब्द म्हणाले, "वर." तार चाकांखालून गेली. मला ती तेव्हाही दिसली नाही.

उतरल्यावर त्यांनी मला त्या खांबापर्यंत चालत नेलं आणि शिकवलं ते अजून पाठ आहे. हवेतून तार शोधू नकोस, खांब शोध. दोन खांब दिसले तर मधे तार आहेच असं धर. ओलांडायची तर खांबाच्या डोक्यावरून ओलांड, कारण सगळ्यात उंच जागा तीच, आणि दिसतेही तीच.

नंतर वाचलं, ऑस्ट्रेलियात तारेला धडकण्याच्या अपघातांचा अभ्यास झाला, त्यात निम्म्याहून जास्त वैमानिकांना ती तार तिथं आहे हे आधीपासून ठाऊक होतं. वाचून रडू आलं. मला वाटत होतं मी एकटीच अशी.

सड्यावरची | सोमवार, रात्री १०.३०

बाळा, तू हे लिहिलंस, फार मोठं काम केलंस. तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग.

मनोऱ्यातला | सोमवार, रात्री ११.१०

कोकणकन्या, तुझं प्रत्येक वाक्य खरं आहे. आपल्या देशातली दोन उदाहरणं देतो. २७ ऑगस्ट २०१९ ला उत्तर प्रदेशात अलीगढजवळच्या धनीपूर पट्टीवर उतरताना एक दोन इंजिनांचं छोटं विमान विजेच्या तारांत अडकून कोसळलं आणि पेटलं. आत सहा जण होते, सगळे वाचले. जानेवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशात रीवाजवळ रात्री, धुक्यात, प्रशिक्षणाचं विमान मंदिराच्या कळसाला आणि तारांना लागून पडलं. शिकवणारे कॅप्टन गेले, शिकणारा जखमी झाला. मोपाची मोठी विमानं सुरू झाली होती त्याच आठवड्यातली ही बातमी. दोन्ही ठिकाणं लहान धावपट्ट्यांची आहेत हे लक्षात घ्या.

लातूरहून_म्हापशाला | मंगळवार, सकाळी ९.१५

मी मूळचा लातूरकडचा, नोकरीनिमित्त म्हापशात. निलंग्याची आठवण कुणी काढली नाही म्हणून लिहितो. २५ मे २०१७. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर निलंग्याहून उठलं, थोडं वर गेलं आणि परत खाली येत तारांत अडकून कोसळलं. सगळे वाचले. हे उतरताना नव्हे, उठताना झालं, पण मुद्दा तोच. आमच्या गावाकडे मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी तापते की पातळ होते आणि पंख्याला उचल कमी मिळते. त्यात मैदानाच्या कडेला तारा.

गोव्यातही निवडणुका आल्या की शाळेच्या, फुटबॉलच्या मैदानावर चुन्यानं गोल काढून हेलिपॅड करतात. मैदानाला लागून रस्ता, रस्त्याला लागून खांब. पोरंटोरं बघायला भिंतीवर चढलेली असतात. त्या मैदानाभोवतीच्या तारा एखाद्या कागदावर उतरवून वैमानिकाच्या हातात पोचतात का? पोचत असतील तर आनंद आहे.

मनोऱ्यातला | मंगळवार, सकाळी १०.००

तात्पुरत्या हेलिपॅडसाठी आधी जागा तपासतात, अडथळे लिहून घेतात, अक्षांश-रेखांशासकट कळवतात. पद्धत आहे. पण पाहणी आणि उड्डाण यांच्या मधल्या दिवसांत मांडवासाठी कुणी नवी केबल ताणली तर ती त्या कागदावर नसते. म्हणून मैदानाच्या शेजारी राहणाऱ्यानं सांगितलेली गोष्ट मोलाची असते. काही हेलिकॉप्टरांच्या नाकावर वर-खाली तार कापणारी पाती बसवलेली असतात. हेलिकॉप्टर सरळ, वेगात जात असेल आणि तार नेमकी त्या पट्ट्यात आली तरच ती उपयोगी. शेपटीच्या पंख्याला लागलेल्या तारेवर त्यांचा काही इलाज नाही.

चिखलीकर | मंगळवार, दुपारी १२.४०

मग सगळ्या तारा जमिनीखालून का नेत नाहीत? किनारपट्टीत अशी कामं चालू आहेतच.

निवृत्त_लायनमन | मंगळवार, दुपारी ३.१०

११ आणि ३३ केव्हीला ते जमतं, आणि किनाऱ्याला हवंच. खाऱ्या वाऱ्यानं तारा गंजतात, पावसात माड पडतात. पण २२० केव्ही, ४०० केव्ही जमिनीखालून न्यायचं तर खर्च कित्येक पटींनी वाढतो, बिघाड कुठे झाला ते शोधायला दिवस जातात. मोले अभयारण्यातून नव्या लाइनीसाठी झाडं तोडण्यावरून केवढं आंदोलन झालं ते सगळ्यांना आठवत असेल. आम्हाला वीज पाहिजे आणि रानही पाहिजे, दोन्ही खरं. म्हणजे मोठ्या लाइनी आभाळातूनच जाणार, तर त्या दिसतील अशा करा एवढंच मागणं उरतं.

त्याचा उपाय साधा आहे. तारेवर गोळे बसवतात, निदान ६० सेंटीमीटर व्यासाचे, नारिंगी किंवा लाल आणि पांढरे, आळीपाळीनं. त्या आकाराचे गोळे साधारण दर ३० मीटरवर येतात. खांबाला लाल-पांढरे पट्टे, रात्रीसाठी दिवे. गोळे बहुतेक सगळ्यात वरच्या तारेवर बसवतात, आणि त्यामागे कारण आहे.

टॉवरच्या अगदी डोक्यावरून जाते ती अर्थ वायर. वीज पडली तर ती झेलायला असते. खालच्या तारांपेक्षा ती बरीच बारीक. वैमानिकाला खालच्या जाड तारा शेवटच्या क्षणी दिसल्या आणि तो वर उचलायला गेला, तर जी लागते ती हीच. वरून ती सगळ्यात उंच आणि सगळ्यात न दिसणारी.

आणखी एक. उन्हाळ्यात भर दुपारी, लाइनीवर भार जास्त असताना तार तापून लांबते आणि मधे खाली लोंबते. तीच तार पहाटे ताणलेली असते. डोळ्यानं एकदा पाहिली म्हणून तिची उंची कायम तीच असते असं नाही.

आंबोलीचा_पाऊस | मंगळवार, सायंकाळी ६.२०

ताईंचा तिसरा प्रश्न राहिलाय. खाली राहणाऱ्यांनी काय करायचं?

निवृत्त_लायनमन | मंगळवार, सायंकाळी ७.००

जवळ जायचं नाही. सांगायला सोपं, करायला सगळ्यात कठीण, कारण आत माणूस हाक मारत असतो. ११२ ला फोन, आणि विजेसाठी १९१२. खांबावर नंबर रंगवलेला असतो तो वाचून सांगा. सबस्टेशनवाल्याला "देवळाच्या मागचा खांब" कळत नाही, नंबर कळतो आणि तो नेमका फीडर बंद करतो. म्हणून आपल्या वाड्यातल्या खांबांचे नंबर आधीच वहीत लिहून ठेवा.

तार जमिनीवर पडली असेल तर तिच्याभोवती जमिनीतच दाब पसरलेला असतो. मोठं पाऊल टाकलं की एक पाय जास्त दाबावर, दुसरा कमी, आणि प्रवाह अंगातून जातो. त्यामुळे जवळ सापडलात तर दोन्ही पाय जोडून, न उचलता, घासत घासत मागे सरा. आतल्या माणसाला ओरडून सांगा, आग नसेल तर आतच बसा. आग लागलीच तर दोन्ही पाय जोडून उडी मारा. विमान आणि जमीन एकाच वेळी अंगाला लागता कामा नये. गुरं बांधलेली असली तर तीही सोडवायला जाऊ नका. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण गुरं सोडवायला गेलेली माणसं मी उचललेली आहेत.

उडती_कोकणकन्या | मंगळवार, रात्री १०.१५

काका, हे आम्हाला कुणी इतकं स्पष्ट शिकवलं नव्हतं. "आतच बसा" हे मी माझ्या बॅचच्या सगळ्यांना पाठवलं.

आणि सड्यावरच्या आज्जी, तुमच्या नातवाला सांगा, मोठ्या विमानांत जमीन जवळ आली की ओरडून सांगणारं यंत्र असतं. पण त्याच्या नकाशात डोंगर असतात, उंच टॉवर असू शकतात, तारा मात्र सहसा नसतात. म्हणून त्यानं जे विचारलं ते बावळटपणाचं नाही.

निवृत्त_लायनमन | बुधवार, सकाळी ६.५०

ताई, तुम्ही सड्यावर जाऊन बघणार असाल तर सकाळी जा. कोवळ्या उन्हात नवी तार चमकते. भर दुपारी काही दिसणार नाही. खांबाला हात लावू नका, त्याला आधार देणाऱ्या ताणाच्या तिरक्या तारेलाही नाही. लांबून मोजा.

सड्यावरची | रविवार, सायंकाळी ५.४०

आठवडाभर लिहिलं नाही, पण वाचत होते. आज सांगते.

सकाळी सात वाजता मी, नातू आणि शेजारचे बापू सड्यावर गेलो. करवंदीच्या जाळ्यांमधून वाट आहे. नातवानं वही घेतली होती. आमच्या वाड्यापासून टोकापर्यंत नवे अकरा खांब आहेत, त्यातल्या नऊंवर नंबर आहेत, दोनांवर अजून रंगवलेले नाहीत. नऊंचे नंबर त्यानं लिहिले. त्यापलीकडे, बऱ्याच लांब, मोठ्या लाइनीचे टॉवर दिसतात, ते जुनेच. त्यांच्या तारांवर गोळे कुठेच दिसले नाहीत. तिथे ते लागतात की नाही हे ठरवायचं काम माझं नव्हे, पण विचारायचं काम माझं आहे. येत्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहिलाय. पंचायतीत उंचीचा रंगीत नकाशा लावावा, नव्या लाइनीचा दाखला वाचून दाखवावा, दोन खांबांवर नंबर घालावेत, आणि शाळेत एक दिवस लायनमनला बोलावून पडलेल्या तारेपासून मागे कसं सरायचं ते मुलांकडून करवून घ्यावं. बापूंनी सही केली, आणखी सतरा सह्या झाल्या. चिखलीकर, नकाशाचं वाक्य तुमच्या गाऱ्हाण्यावरून घातलंय.

परत येताना एक झालं. मोठ्या टॉवरांकडे बघत आम्ही उभे होतो. ऊन वर आलं होतं, लायनमनदादा म्हणाले होते तसंच, तारा पुसून गेल्या होत्या. मला जेमतेम दोन-तीन दिसत होत्या. नातू म्हणाला, "आज्जे, तो बघ, तो हवेतच बसलाय." टॉवरांच्या मधे, सगळ्या तारांच्या वर, एक कोतवाल बसला होता. शेपटी दुभंगलेली, स्पष्ट दिसत होता. त्याच्या पायांखाली काही नव्हतं.

मग तो उडाला, आणि तिथं काही आहे असं वाटेना.

निवृत्त_लायनमन | रविवार, सायंकाळी ६.३०

तीच अर्थ वायर. ग्रामसभा कधी आहे ते कळवा. शाळेत मी येतो.

उडती_कोकणकन्या | रविवार, सायंकाळी ६.३५

काका, शाळेत मीही येते. कुडाळहून तासाभराची वाट आहे.